पोच द्यायची राहिली

विमलकाकू, तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आपल्या ग्रुपवर एक बाई पहिल्यांदा बोलली. तिला कोणीच उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तिनं आपला मेसेज पुसला आणि ग्रुप सोडला. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मीच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता ते मला माहीत आहे. "तू कुठे होतीस?" मी सेतू केंद्रात होते, काकू. कापसाच्या नुकसानीचे अर्ज भरायला लोकांची रांग होती आणि इंटरनेट येत-जात होतं. पण ही सबब झाली. मेसेज मी सात वाजून बारा मिनिटांनी, घरून निघायच्या आधीच वाचला होता. सायकलचा फोटो होता, पुढच्या मडगार्डला हळदीकुंकू लावलेलं. खाली लिहिलं होतं, "नमस्कार. मी मंगला, बोरी अरब. सायकल शिकली. दोनदा पडली. एकटीनं बसस्टँडापर्यंत गेलती." मी वाचलं, आणि तुमचं उत्तर येईल म्हणून थांबले. खरंच थांबले. मग आठवलं. मग फोन पालथा ठेवून रडले आणि तसाच तो पिशवीत टाकला.

आपली पहिली भेट तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध करण्यासाठी झाली होती. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस होते. तुम्ही मशीनवर अंगठा ठेवला, मशीननं घेतला नाही. दुसरा ठेवला, तोही घेतला नाही. मी घाबरले, कारण नोकरीला लागून मला महिनाच झाला होता. तुम्ही म्हणालात, "राहू दे गं. तीस वर्षं तहसीलमध्ये कागद चिकटवले, अंगठ्याच्या रेषा तिथंच राहिल्या असतील." मग मधलं बोट चाललं. दाखला हातात घेऊन तुम्ही तो नीट वाचलात आणि म्हणालात, "चला, सरकारच्या हिशोबानं अजून वर्षभर आहे मी."

बाहेर पडताना तुम्हाला माझी सायकल दिसली. शाळेत असताना मुलींना मिळालेली, निळी, कॅरिअर वाकलेलं. तुम्ही आत परत आलात. "ही कोणाची?"

"माझी."

"कुठून येतेस?"

मी तांड्याचं नाव सांगितलं. नऊ किलोमीटर. तांडा म्हटलं की समोरच्याचा चेहरा थोडा बदलतो, ते मी लहानपणापासून पाहत आले होते. तुमचा बदलला नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "मधला पूल चढताना उतरतेस की नाही?"

"उतरते."

"मीही उतरते," तुम्ही म्हणालात. "उतरून चाललं म्हणजे सायकल सोडली असं होत नाही." आणि माझा नंबर घेतलात.

त्या ग्रुपची मला तेव्हा काहीच माहिती नव्हती. यवतमाळला औषधांचं दुकान असलेल्या प्रशांतदादांनी तो जिल्ह्यातल्या सायकलवाल्यांसाठी काढला होता. सगळे पुरुष. गिअरच्या सायकली, रविवारी सकाळी निघायचं, किती किलोमीटर झाले त्याचा फोटो टाकायचा. दादा कसल्याशा दाखल्यासाठी आर्णीच्या तहसीलला आले होते, तिथं त्यांनी तुम्हाला नऊवारी नाही पण चांगली काठाची साडी खोचून सायकलला कुलूप लावताना पाहिलं आणि ग्रुपमध्ये बोलावलं. तुम्ही विचारलंत, "आणखी कोण बाई आहे तिथं?" ते म्हणाले, "तुम्ही पहिल्या." तुम्ही म्हणालात, "मग मी दाराशीच बसते." हे दादा अजूनही सांगतात. तेराव्यालाही सांगितलं.

तुम्ही मला ग्रुपमध्ये घेतल्यावर पहिला मेसेज लिहायला मी दोन दिवस घेतले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. घरी आम्ही आमच्या बंजारा गोरबोलीत बोलतो, बाहेर वऱ्हाडीत, आणि पुस्तकातली मराठी मी परीक्षेपुरती वापरली. शेवटी लिहिलं, "नमस्कार. मी तांड्यावरून आर्णीला रोज कामाला येते. सायकल शाळेत मिळालेली आहे. चेन पडते." पाठवल्यावर वाटलं, परत घ्यावं. एका मिनिटात तुमचं उत्तर आलं.

"आलीस? ये, बस. चेन कोणत्या बाजूला पडते?"

दारात आलेल्या माणसाला म्हणावं तसं. मी सेतूच्या खुर्चीत आधीच बसलेली होते, तरी ते वाचून मला बसल्यासारखं वाटलं.

त्यानंतर कोणीतरी लिहिलं, गिअरची घ्या. कोणीतरी लिहिलं, स्कूटी घ्या. आणि प्रशांतदादांनी लिहिलं, "हे सायकलिंग नाही म्हणता येणार, ही ये-जा झाली." त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे आता मला कळतं. तेव्हा मात्र कान गरम झाले होते. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर उत्तर दिलंत. "प्रशांत, ये-जा करणाऱ्याची सायकल झिजते. तुझी सोमवारपासून शनिवारपर्यंत पुसून भिंतीला टांगलेली असते. कोणती खरी सायकल ते सायकलीलाच विचारू."

तिसऱ्या दिवशी दादांनी फोटो टाकला, गिअरच्या सायकलीला पिठाचा डबा बांधलेला. "आजची ये-जा : घर, दळण, दुकान." तुम्ही लिहिलंत, "आलास? ये, बस." त्यांनी खूप हसणारे चेहरे पाठवले. मला वाटतं, ग्रुप त्या दिवशी बदलला.

मी एकदा तुम्हाला विचारलं होतं, प्रत्येक नव्या बाईला पहिलं उत्तर तुमचंच का असायला हवं. तुमचा तो नियमच होता. बाई पहिल्यांदा बोलली की आधी काकू, मग बाकीचे. कोणी मध्येच सल्ला दिला, कपड्यांवर काही लिहिलं, किती किलोमीटर म्हणून विचारलं, तर तुम्ही त्याला खडसावत होता. तुम्ही मला आवक-जावकच्या टेबलाची गोष्ट सांगितलीत. तहसीलमध्ये तुम्ही त्याच टेबलावर होता. आलेल्या प्रत्येक कागदाला त्याच दिवशी पोच द्यायची. काम होईल की नाही ते वरचे साहेब ठरवतील, पण तुझा कागद आला, माझ्या हातात आहे, एवढं माणसाला त्याच दिवशी कळलं पाहिजे. "लोक कामापेक्षा त्या शिक्क्यासाठी बसून राहायचे," तुम्ही म्हणालात. "शिक्का पडला की त्यांचे खांदे खाली यायचे. मी पाहिलं आहे."

"पण मग सगळ्यांनीच द्यावी ना पोच," मी म्हटलं. "तुम्ही एकट्या कायले बसता फोन धरून?"

"सगळ्यांनी द्यायची म्हटलं की कोणीच देत नाही. टेबल ठरलेलं पाहिजे."

तेव्हा मला ते तुमचं कचेरीतलं जुनं खूळ वाटलं होतं.

तुम्ही तांड्यावर आलात ती दुपार मी विसरणार नाही. माझ्या आईला, म्हणजे आमच्या याडीला, मी सायकलवर आर्णीला जाते ते चालत होतं, पण रविवारी ग्रुपबरोबर जायचं म्हटलं तर ती भांडी आपटत होती. तुम्ही न सांगता सायकलवर आलात, घामेजलेल्या, आणि ओट्यावर बसून पाणी मागितलंत. आमच्याकडे तुमच्यासारख्या घरातल्या बायका येऊन पाणी मागत नाहीत. याडीनं तांब्या दिला आणि तुमच्याकडे बघत राहिली.

"या वयात सायकल चालवता बाई? मालक काही म्हणत नव्हते?"

"म्हणायचे ना," तुम्ही म्हणालात. "पण तोवर मी पुढं गेलेली असायची. ऐकूच यायचं नाही."

याडी पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं तुम्हाला भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला, आणि तुम्ही डोळ्यांतून पाणी काढत सगळा खाल्लात. जाताना ती म्हणाली, "पोरीले घेऊन जा, पण घेऊन या." तुम्ही प्रत्येक रविवारी मला पुलापर्यंत सोडायला येत होता. एवढं अंतर मी एकटी रोज जाते, हे तुम्हालाही माहीत होतं आणि याडीलाही. तरी तुम्ही शब्द पाळलात.

तीच वर्षं कापसाची वाईट होती. बोंडं हिरवीगार दिसायची आणि आत गुलाबी अळी असायची. आमचा बा बांधावर बसून नखानं बोंड फोडून पाहायचा, टाकायचा, दुसरं तोडायचा. फवारणीच्या दिवसांत रस्त्यावरूनसुद्धा वास यायचा, आणि तुम्ही रोज सकाळी ग्रुपवर लिहायचात की कोणत्या रस्त्याला फवारे चालू आहेत, फेरा घ्या. वेचणीच नसल्यावर ग्रुपातल्या निम्म्या बाया गप्प झाल्या. त्या सायकलीनं वेचायला जात होत्या. काम नाही, तर सायकल नाही, तर टाकायला फोटो नाही. पुरुषांचे रविवारचे फोटो चालूच होते. हे तुमच्या लक्षात आलं, माझ्या नाही आलं, आणि मी तर तांड्यावर राहते.

तुम्ही लिहिलंत, "आज सायकल जिथं उभी आहे तिथला फोटो टाका. उभी सायकलही सायकलच असते."

आणि फोटो आले, काकू. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाला टेकवलेली. हँडलवर लहान मुलाचं वाळत टाकलेलं झबलं. सीटवर कोंबडी बसलेली. उमरखेडच्या एका मुलीनं चाकात हवा नसलेल्या सायकलीचा फोटो टाकला आणि लिहिलं, "ही पण थकली." तुम्ही प्रत्येकीला एकेक ओळ लिहिलीत. कोणालाही धीर धरा म्हणाला नाहीत. कोंबडीवालीला विचारलंत, "अंडं सीटवरच देते का?" दोन महिन्यांनी ती बाई पहिल्यांदा हसली असावी, कारण तिनं त्याच्या खाली अंड्याचा फोटो टाकला.

त्याच उमरखेडच्या मुलीवरून आपलं भांडण झालं. ग्रुपातला एक माणूस तिला वेगळे मेसेज पाठवू लागला. आधी गुड मॉर्निंग, मग फोटो छान आहे, मग एकटी जातेस का. तिनं मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्या माणसाला फोन करून काय बोललात ते मला कधी कळलं नाही, पण तासाभरात तो ग्रुपमध्ये नव्हता. तरी ती मुलगीही ग्रुपमध्ये थांबली नाही. ती गेल्यावर मी तुमच्या घरी आले आणि उभ्या उभ्याच म्हटलं, बायांचा वेगळा ग्रुप काढा.

"नाही," तुम्ही म्हणालात. "खोली वेगळी केली की दिवाणखाना त्यांचा होतो. मग कोणी म्हणेल, बायकांचं काय असेल ते तिकडं सांगा. मी दारात बसले ती दार सोडून मागच्या खोलीत जायला नाही."

"दिवाणखाना तुमच्या घरी असते, काकू," मी म्हटलं. "आमच्या घरी एकच खोली आहे. तिथं बाईले कपडे बदलायचे असले तर माणसायले बाहेर जा म्हणावंच लागते."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या हातात लसूण सोलायची ताटली होती. बराच वेळ तुम्ही एकच पाकळी सोलत होता. मग म्हणालात, "याचं उत्तर मी देईन. पण आज माझ्याकडे नाही."

मी चहा न घेता निघाले. आठ दिवस तुम्हाला फोन केला नाही. नवव्या दिवशी तुम्हीच केलात आणि विचारलंत, मागचा ब्रेक लागतो का नीट, आणि आपण दोघींनी ते भांडण तिथंच ठेवलं. तुमच्याकडे उत्तर मागायला मी पुन्हा कधी आले नाही. मला वाटायचं, घाई काय आहे. आणि तुम्हाला ते बोलणं लागलं असेल, तर त्याबद्दलही मी कधी काही म्हटलं नाही. माझं म्हणणं चुकलं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही पूर्ण वाटत नाही. पण तुमच्या घराचं असं बोलायला नको होतं. तुमच्या त्याच दिवाणखान्यात बसून मी पदवीच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास केला. तुमचा पंखा माझ्याकडे वळवून तुम्ही स्वतः वारा नसलेल्या कोपऱ्यात बसायचात.

आता ते सांगते जे सांगायला मला सगळ्यात जड जातं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायच्या आधी तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवस माझी रजा. टेबल तुझ्याकडे."

मी नाही म्हटलं.

"काहून?"

"माझ्या लिहिण्यात मले-तुले येते. लोक हसतील. म्हणतील, काकूंच्या जागी ही कोण."

"पोच शुद्ध लागत नाही," तुम्ही म्हणालात. "वेळेवर लागते."

तरी मी नाहीच म्हटलं. मग ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दिग्रसची कोणी बाई ग्रुपवर आली, आणि तुम्ही एका डोळ्यावर पट्टी असताना उत्तर दिलंत. "आलीस? ये, बसस." तो जास्तीचा स मी अजून जपून ठेवला आहे. सगळे हसले तेव्हा, मीही. टेबल मी घेतलं असतं तर तुम्हाला तो फोन डोळ्याजवळ धरावा लागला नसता, हे माझ्या मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

म्हणून मंगलाताईंच्या मेसेजवर ग्रुप गप्प राहिला ती चूक सगळ्यांची असली तरी आधी माझी आहे. संध्याकाळी सहाला त्या निघून गेल्याचं दिसलं, आणि लगेच प्रशांतदादांचा फोन आला.

"अगं, तू दिलं नाहीस उत्तर?"

"मले वाटलं तुम्ही द्यान."

"मी कसा देऊ? बाई पहिल्यांदा बोलली की आधी काकू. आपला नियम आहे." मग ते म्हणाले, "मी दुपारी चार वेळा लिहिलं आणि पुसलं. वाटलं, काकूंच्या आधी कसं बोलायचं."

मी नंतर एकेकाला विचारलं. सगळ्यांचं तेच. जवळजवळ दीडशे माणसांनी तो फोटो पाहिला, आणि तुमचा मान राखायला सगळी गप्प बसली. तुम्ही लावलेली शिस्त आम्ही इतकी चांगली पाळली की तुम्ही जिला जोडून ठेवलं होतं तीच बाई दारातून परत गेली.

हो, तिला तुम्हीच जोडलं होतं, शेवटच्या आठवड्यात. हे मला बोरी अरबला गेल्यावर कळलं.

रविवारी मी गेले. आर्णीहून दारव्हा, तिथून बोरी. पत्ता असा नव्हताच, पण फोटोतल्या सायकलीमागं शाळेची भिंत होती. रविवार असूनही शिपाई शाळेत होता, तो म्हणाला, ती मंगला, आपल्या शाळेत खिचडी शिजवते, घर मागंच आहे. त्या दारात मोठं पातेलं राखेनं घासत होत्या. पस्तिशीच्या असतील. मी ग्रुपचं नाव सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला, पण त्या उठल्या नाहीत.

"आर्णीहून आल्या? सायकलनं?"

"यष्टीनं."

"सायकलवाल्यायची बाई, आन् यष्टीनं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पातेलं घासू लागल्या.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मला बसा कोणी म्हटलं नव्हतं. मी विचारलं, काहून सोडला ग्रुप.

"मीच चुकली," त्या म्हणाल्या. "काकूंचा दुखवटा होता. म्हणून तेरावं होऊ देलं. बोटावर दिवस मोजले. चौदाव्या दिवशी फोटो टाकला. तर कोणीच बोलेना. समद्यायनं पाह्यलं, ते निळं होते ना, ते झालं. मंग मले वाटलं, अजून सुतक असन त्यायच्यात. आन् मी हळदीकुंकवाचा फोटो टाकून राह्यली. समद्यायले राग आला असन. म्हणून मिटवला."

"राग नव्हता वो ताई. पहिलं उत्तर काकू देत होत्या. नेहमीच. तर समदे..." पुढचं वाक्य कसं ऐकू येईल ते मला कळत होतं.

त्यांनी ते स्वतःच पूर्ण केलं. "गेलेल्या माणसाच्या उत्तराची वाट पाहून राह्यलते तुम्ही?"

"हो."

मग पातेलं उपडं करून त्यांनी हात धुतले. "चला," म्हणाल्या, "सायकल दाखवतो."

कापसाच्या खरेदीचं मैदान शाळेच्या मागंच आहे. एरवी त्या दिवसांत तिथं गाड्यांची गर्दी असते. यंदा मोकळं होतं, काटे आणि थोडा उडालेला कापूस कुंपणाला अडकलेला. म्हणूनच तिथं शिकता आलं, मंगलाताई म्हणाल्या. मुलगी नववीत आहे, तिची शाळेची सायकल. मुलीनं शिकवलं. आणि एक दिवस एक म्हातारी बाई कुंपणाजवळ उभी राहून पाहत होती. तुम्ही कोणाच्या तरी बारशाला गेला होता म्हणे.

"मी पडली त्यायच्यासमोरच. तर त्या आत आल्या आन् म्हणे, पडताना पदराले नको पाहू, हाताले पाहाय. पदर कोणीबी उचलून देईन, हात मोडला तर खिचडी कोण शिजवन." त्या हसल्या. "मंग फोन नंबर घेतला. म्हणे, बसस्टँडापर्यंत एकटी गेली की मले ग्रुपवर सांग. घाई नको करू. मी आहे."

मी आहे. ते ऐकून मी कुंपणाला हात लावून उभी राहिले. काटा लागला तो नंतर कळला.

मंगलाताईंनी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. उतरायचं त्यांना अजून नीट जमत नाही, ब्रेक दाबून उडीच मारतात. तिसऱ्या फेरीनंतर मी म्हटलं, या ना परत. त्यांनी विचारलं, तिथं माणसंच जास्त आहेत ना. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बायांचा अलग असता तर मी पहिल्याच दिवशी टाकला असता फोटो. इतके दिवस हिंमत करावी नसती लागली."

मी भांडणात जिंकले होते, काकू. तुमच्याकडे धावत येऊन सांगावं, पाहा, मी म्हणत होते ना. आणि तुम्ही लसणाची ताटली बाजूला ठेवून काहीतरी म्हणाला असता, जे मला पुढची दहा वर्षं पुरलं असतं. ते काय असतं, याचा मी बोरीहून दारव्ह्यापर्यंत विचार केला. मला सापडलं नाही. वेगळा ग्रुप काढायचा की नाही, तेही मी ठरवलेलं नाही. प्रशांतदादा म्हणतात, काढ, मी मदत करतो. ते इतक्या लगेच हो म्हणाले की मला तुमचा दिवाणखाना आठवला.

निघताना मी मंगलाताईंना ग्रुपचा दुवा पाठवला. त्या म्हणाल्या, "पाहतो." आमच्या भागात पाहतो म्हणजे बहुतेक नाहीच. मी आग्रह केला नाही. यष्टी आली, मी बसले. त्यांनी हात हलवला नाही, पण गाडी वळेपर्यंत त्या सायकल धरून तिथं उभ्या होत्या.

सोमवार गेला. मंगळवार गेला. तुमची सायकल तुमच्या ओट्यावर अजून आहे, तुमच्या मुलानं पुण्याला जाताना किल्ली माझ्याकडे दिली आहे. मी रोज कामावर जाताना ती पुसते. तिचा फोटो काढला आहे, टाकलेला नाही. उभी सायकलही सायकलच असते हे तुम्ही म्हणालात, पण हिच्याखाली ओळ कोण लिहिणार.

आज बुधवार. सकाळी पुलाच्या चढावर मी उतरून चालत होते तेव्हा पिशवीत फोन वाजला. मी सायकल कठड्याला टेकवली. ग्रुपवर एक नंबर परत आला होता, आणि फोटोत तीच सायकल, तेच हळदीकुंकू, आता थोडं पुसट. खाली फक्त, "मी मंगला. बोरी अरब."

सवयीनं मी थांबले. वर पाहिलं, तुमचं नाव कुठं दिसतं का. दोन यष्ट्या पुलावरून गेल्या. कोणीच काही लिहीत नव्हतं. सगळे पाहत होते, मला माहीत होतं, प्रशांतदादा दुकानाच्या पायरीवर उभे असतील. 'आलीस? ये, बस,' एवढं लिहिलं आणि पुसलं. ते तुमचं होतं.

मग माझं लिहिलं. मी ते शुद्ध करत बसले नाही.

"आल्या का ताई? बसा. तुमचीच वाट पाहून राह्यलतो."